युद्धनौकांचे जतन आणि निधीचा प्रश्न : ‘विक्रांत’पासून ‘गुलदार’पर्यंतची पार्श्वभूमी

नौदलाची सेवानिवृत्त ‘गुलदार’ ही नौका सिंधुदुर्गातील निवतीजवळच्या समुद्रात बुडवून तिचे पाण्याखालील संग्रहालय करण्याच्या प्रकल्पाला केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर केले. हाच निवतीचा परिसर त्याच्या सहा वर्षे आधी ‘विराट’साठी निश्चित झाला होता, पण ती विमानवाहू नौका तिथवर कधी पोहोचलीच नाही. त्याच्याही आधी भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ निवृत्तीनंतर सतरा वर्षे मुंबईत उभी राहिली आणि अखेर शहराच्या पूर्व किनाऱ्यावर तोडली गेली. या तिन्ही नौकांच्या बाबतीत एक गोष्ट सातत्याने दिसते. नौका मिळवण्यासाठी, ती आणून उभी करण्यासाठी आणि तिचे उद्घाटन करण्यासाठी पैसा कसा उभारायचा, याची चर्चा झाली. त्यानंतर दरवर्षी लागणारा पैसा कोणाच्या खात्यातून यायचा, हा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.

‘विक्रांत’ ३१ जानेवारी १९९७ रोजी सेवामुक्त झाली. तिचे संग्रहालय व्हावे यावर तेव्हा कोणाचे फारसे दुमत नव्हते आणि अडचणीचे मूळ कदाचित त्या एकमतातच असावे. सर्वांना मान्य असलेल्या गोष्टीची जबाबदारी नेमकी कोणाची, हे लेखी ठरवण्याची निकड कोणाला वाटली नाही. नौदलाने २००१ मध्ये ती लोकांसाठी खुली केली. राज्य सरकार संग्रहालय कायमस्वरूपी चालवू शकेल असा भागीदार शोधत राहिले, परंतु तो मिळाला नाही. दरम्यान देखभालीचा भार नौदलाने आपल्याच तरतुदीतून उचलला. २०१२ मध्ये नौका पर्यटकांसाठी सुरक्षित नसल्याचे ठरवून ती बंद करण्यात आली. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती भंगारात काढण्याचे सूतोवाच झाले, डिसेंबर २०१३ मध्ये लिलावाचा निर्णय झाला आणि जानेवारी २०१४ मधील ऑनलाइन लिलावात एका जहाजतोडणी व्यावसायिकाने ती सुमारे ६० कोटी रुपयांना विकत घेतली. लिलावाविरुद्धची जनहित याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली. नौकेची अवस्था जतन करण्याजोगी उरलेली नाही आणि त्यासाठी निधी वा शासनाचे पाठबळही नाही, असे त्या निर्णयाचे सार होते. सर्वोच्च न्यायालयातील प्रयत्नही ऑगस्ट २०१४ मध्ये संपुष्टात आले आणि २२ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबईच्या दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात तोडकाम सुरू झाले.

या निर्णयाभोवतीच्या वादात एक शब्द वारंवार आला : ‘व्यवहार्य’. संग्रहालय व्यवहार्य नाही, असे सांगितले गेले आणि ते बहुतेकांनी स्वीकारले. पण त्या एका शब्दात किमान तीन निरनिराळे अर्थ मिसळले होते. पहिला अर्थ अभियांत्रिकीचा : नौकेचा तळ आणि आतील पोलाद सुरक्षित राहील इतके शाबूत आहे का? दुसरा अर्थ व्यापाराचा : खासगी गुंतवणूकदाराला गुंतवलेला पैसा नफ्यासह परत मिळेल का? तिसरा अर्थ अर्थसंकल्पाचा : सरकार आपल्या तिजोरीतून हा खर्च करायला तयार आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाहणी करून देता येते. दुसऱ्याचे उत्तर निविदेला मिळालेल्या प्रतिसादावरून कळते. तिसऱ्याचे उत्तर म्हणजे निव्वळ इच्छेचा आणि प्राधान्याचा निर्णय असतो, आणि तो घेणाऱ्याने तो आपला निर्णय म्हणूनच मांडायला हवा. ‘विक्रांत’च्या बाबतीत खासगी भागीदार आला नाही, म्हणजे दुसरा अर्थ लागू पडला, एवढे निर्विवाद आहे. मात्र त्यावरून तिसऱ्या प्रश्नाचेही उत्तर आपोआप मिळाले असे गृहीत धरले गेले. सार्वजनिक ग्रंथालय किंवा पुरातत्त्वीय स्मारक तिकिटांच्या उत्पन्नावर स्वतःचा खर्च भागवते का, असा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. युद्धनौकेला मात्र ही कसोटी पहिल्या दिवसापासून लावली गेली.

पहिल्या अर्थाचेही कारण आणि परिणाम एकमेकांत गुंतलेले होते. निधी नाही म्हणून मोठी दुरुस्ती झाली नाही. दुरुस्ती झाली नाही म्हणून पोलाद गंजत गेले. आणि पोलाद गंजले म्हणून आता निधी देऊन उपयोग नाही, असा युक्तिवाद उभा राहिला. २०१४ मध्ये नौकेची अवस्था बिकट होती, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण २०१४ ची अवस्था हा १९९७ च्या निर्णयशून्यतेचा हिशेब होता, हे त्या वेळच्या चर्चेत पुरेसे पुढे आले नाही असे या लेखकाला वाटते. नौदलाची बाजूही इथे नोंदवली पाहिजे. गोदीतील धक्क्याची जागा, सुक्या गोदीतील (जिथे पाणी काढून टाकून नौकेचा तळ दुरुस्त करतात) वेळापत्रक आणि कुशल कामगार हे सारे प्रत्यक्ष सेवेतील ताफ्यासाठी असते. निवृत्त नौकेने ती जागा वर्षानुवर्षे अडवून ठेवणे कोणत्याही नौदलाला परवडणारे नाही, आणि संग्रहालय चालवणे हे त्याचे कामही नव्हे.

हा खर्च इतका का होतो, हे समजण्यासाठी ‘विक्रांत’ची तुलना विशाखापट्टणमच्या ‘कुरसुरा’शी करणे उपयोगाचे आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झालेली ही पाणबुडी किनाऱ्यावर ओढून आणून वाळूत पक्क्या आधारांवर बसवण्यात आली आणि ऑगस्ट २००२ मध्ये संग्रहालय म्हणून खुली झाली. ती आजही सुरू आहे. तिच्या यशाचे श्रेय राज्याच्या तत्परतेला दिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्याहून निर्णायक बाब म्हणजे ती पाण्याबाहेर आहे. खाऱ्या पाण्यात तरंगणाऱ्या नौकेचा तळ सतत झिजतो. जलरेषेच्या आसपासचा पत्रा, जिथे पाणी आणि हवा दोन्ही पोहोचतात, सर्वांत लवकर पातळ होतो. ठरावीक वर्षांनी सुक्या गोदीत घेऊन पत्रे मोजणे, बदलणे आणि रंगवणे याला पर्याय नसतो. सुमारे ९१ मीटर लांबीची पाणबुडी एकदाच कष्ट करून किनाऱ्यावर चढवता येते. सुमारे २१३ मीटर लांबीची विमानवाहू नौका तशी चढवणे ही निराळ्याच प्रमाणातली गोष्ट आहे, आणि ती मावेल अशा गोद्या मोजक्याच असतात. त्यामुळे ‘कुरसुरा’ जमली तर ‘विक्रांत’ का नाही, हा प्रश्न भावनेने रास्त असला तरी हिशेबाच्या दृष्टीने अपुरा आहे.

इतरत्र हा प्रश्न कसा सुटला, किंवा सुटला नाही, याचा आढावा थोडक्यात घेता येईल. ब्रिटनची ‘व्हिक्टरी’ १९२२ मध्ये पोर्ट्समथच्या सुक्या गोदीत कायमची ठेवली गेली आणि तिच्या दुरुस्तीसाठी लोकवर्गणी उभारली गेली. जपानची ‘मिकासा’ १९२६ पासून योकोसुका येथे काँक्रीटमध्ये रोवून जतन केलेली आहे. अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’साठी १९२० च्या दशकात शाळकरी मुलांनी नाणी जमवली, पण ती पुरली नाहीत आणि उरलेला भार सरकारला उचलावा लागला. लंडनची ‘बेलफास्ट’ १९७१ मध्ये एका विश्वस्त संस्थेने वाचवली, पण तिचाही आर्थिक भार पुढे न पेलल्यामुळे १९७८ मध्ये ती राष्ट्रीय संग्रहालयाच्या ताब्यात गेली. अमेरिकेत निवृत्त नौका संग्रहालयासाठी दान देण्याची कायदेशीर पद्धत आहे. तिची मुख्य अट अशी की केंद्र सरकारवर कोणताही खर्च पडू नये. म्हणून अर्जदाराला धक्का, देखभाल आणि पैसा यांची योजना आधीच सादर करावी लागते. तरीही १९४८ पासून संग्रहालय असलेल्या ‘टेक्सास’चा तळ इतका गळू लागला की टेक्सास राज्याला २०१९ मध्ये साडेतीन कोटी डॉलर मंजूर करावे लागले आणि २०२२ मध्ये तिला ओढून गॅल्व्हेस्टनच्या गोदीत न्यावे लागले. जिथे नियम कडक आहेत तिथेही नित्याचा खर्च असा अंगावर येतो.

‘विराट’च्या वेळी या अनुभवाचा उपयोग होईल असे वाटले होते. ती ६ मार्च २०१७ रोजी निवृत्त झाली. आंध्र प्रदेशानेही तिच्यात रस दाखवला होता. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये निवतीजवळ तिचे संग्रहालय व सागरी साहस केंद्र करण्याचा ८५२ कोटी रुपयांचा प्रस्ताव मंजूर केला, मात्र तो सार्वजनिक-खासगी भागीदारीच्या तत्त्वावर. म्हणजे ‘विक्रांत’साठी जो भागीदार सापडला नव्हता, त्याच भागीदारावर हा प्रस्तावही उभा होता. जुलै २०१९ मध्ये संसदेत सांगण्यात आले की कोणत्याही राज्याकडून आर्थिकदृष्ट्या परिपूर्ण प्रस्ताव न आल्यामुळे नौका भंगारात काढली जाईल. ती ३८.५४ कोटी रुपयांना विकली गेली आणि सप्टेंबर २०२० मध्ये तोडण्यासाठी गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर पोहोचली. त्यानंतर एका खासगी कंपनीने ती संग्रहालयासाठी परत विकत घेण्याची तयारी दाखवली, फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘जैसे थे’चा आदेशही दिला, परंतु एप्रिलमध्ये सुनावणी होईपर्यंत सुमारे चाळीस टक्के नौका तोडली गेली होती आणि याचिका फेटाळण्यात आली. पैसा घेऊन कोणीतरी पुढे आले, पण चार वर्षे उशिरा, आणि ही बाब मनाला लागून राहते.

‘गुलदार’चा मार्ग यापेक्षा वेगळा आखला गेला आहे. जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ही नौका फेब्रुवारी २०२५ मध्ये नौदलाने राज्याकडे आहे त्या स्थितीत सोपवली. ती विमानवाहू नौकेच्या तुलनेत बरीच लहान आहे, आणि समुद्रतळाशी ठेवायची असल्याने तिला सुक्या गोदीची गरज पडणार नाही. याला काटेकोर अर्थाने जतन म्हणता येईल का, हा स्वतंत्र प्रश्न आहे, कारण नौका कृत्रिम प्रवाळभिंतीचे काम करू लागेल तशी तिची मूळ रूपरेषा हळूहळू झाकली जाईल. मंजूर झालेले पैसे राज्यांना भांडवली गुंतवणुकीसाठी दिल्या जाणाऱ्या पन्नास वर्षे मुदतीच्या बिनव्याजी कर्जाच्या योजनेतील आहेत. त्यातून नौका सज्ज करण्यासारखी एकदाची कामे करता येतील. पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांची पथके, पर्यटकांची सुरक्षा, बोटी आणि पाण्याखालील नियमित तपासणी यांचा दरवर्षीचा खर्च मात्र भांडवली नसल्याने त्या रकमेत बसत नाही, आणि त्याची तरतूद राज्याला वेगळी करावी लागणार आहे.