रविवारचा प्रश्न : ख्रिस्ती खेळाडू आणि श्रद्धेची कसोटी

गोल झाल्यावर आकाशाकडे हात, सामना संपल्यावर गुडघे टेकून प्रार्थना, मुलाखतीत सर्वांत आधी येशूचे आभार. व्यावसायिक खेळातली ख्रिस्ती श्रद्धा आज अशी दिसते. पूर्वी मात्र तिची खरी कसोटी एकाच प्रश्नावर लागायची : रविवार हा उपासनेचा आणि विश्रांतीचा पवित्र दिवस, मग त्या दिवशी खेळायचं का?

बायबलच्या नव्या करारातल्या पत्रांमध्ये श्रद्धेच्या वाटचालीला शर्यतीची आणि खेळाडूच्या नाशवंत मुकुटाची उपमा दिली आहे. इंग्लंडच्या राजाने १६१८ साली जाहीरनामा काढून रविवारच्या उपासनेनंतर काही खेळांना मुभा दिली आणि १६४३ मध्ये संसदेने तो जाळायला लावला, इतका हा वाद जुना.

‘मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी’ (बलदंड ख्रिस्तीपण) हा शब्दप्रयोग रूढ झाला तो १८५७ च्या एका कादंबरी-परीक्षणामुळे. ज्या लेखकाला तो चिकटला, त्याला तो मुळीच रुचला नव्हता. शरीर कमवावं आणि ते दुबळ्यांच्या रक्षणासाठी वापरावं, हा त्यामागचा विचार. मैदानावर चारित्र्य घडतं असं मानणाऱ्या या मंडळींच्या नजरेसमोर होता तो हौशी खेळाडू. पैसे घेऊन खेळणं त्यांच्यातल्या अनेकांना हलकं वाटे. म्हणून त्या काळात श्रद्धा पक्की झाली की खेळ सुटायचा. इंग्लंडकडून कसोटी खेळलेला एक क्रिकेटपटू १८८५ मध्ये मिशनरी होऊन चीनला गेला. शिकागोत नावारूपाला आलेला एक बेसबॉलपटू १८९१ मध्ये खेळ सोडून धर्मकार्याला लागला.

सर्वाधिक बोललं गेलं ते १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या एका नकाराबद्दल. १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या ६ जुलैला, रविवारी होत्या. स्कॉटलंडच्या एका धावपटूने त्यांत धावायला नकार दिला आणि पाच दिवसांनी ४०० मीटरचं सुवर्ण ४७.६ सेकंदांत जिंकलं. पॅरिसला जायला बोटीवर चढताना त्याला वेळापत्रक कळलं, ही लोकप्रिय कथा खरी नाही. ते काही महिने आधीच कळलं होतं, निर्णयही तेव्हाच झाला होता, आणि मधल्या काळात त्याने ४०० मीटरचा कसून सराव केला. माझ्या मते यामुळे त्या निर्णयाचं मोल वाढतं, कारण क्षणाच्या आवेशापेक्षा महिनोन्‌महिने दबाव सोसून ठाम राहणं कठीण. त्याच्यामागे अवघड प्रश्न उभा आहे तो रिले शर्यतींचा. दोन्ही रिलेंच्या अंतिम फेऱ्या १३ जुलैला, म्हणजे पुन्हा रविवारीच होत्या, आणि तो त्यांतही नव्हता. ब्रिटनला ४×१०० मध्ये रौप्य आणि ४×४०० मध्ये कांस्य मिळालं. स्वतःच्या शर्यतीवर पाणी सोडणं वेगळं. सहकाऱ्यांच्या पदकाचा रंगही पणाला लावायचा का, यावर श्रद्धावानांमध्येही एकमत होणार नाही. तो धावपटू पुढे मिशनरी म्हणून चीनला गेला आणि १९४५ मध्ये जपानी नजरकैदेच्या छावणीत वारला. तिथे मुलांची भांडणं मिटावीत म्हणून त्याने रविवारीही हॉकीच्या सामन्यात पंचाचं काम केलं, अशी आठवण छावणीतले सोबती सांगत. मला या आठवणीत आणि पॅरिसच्या नकारात विसंगती दिसत नाही. नियम पाळणारा आणि नियम कशासाठी आहे हे जाणणारा, तो एकच माणूस होता.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर दिशा पालटली. खेळ न सोडता खेळाडू म्हणूनच आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायची, या विचाराने अमेरिकेत १९५४ मध्ये एक संघटना उभी राहिली. रविवारच्या सामन्यांमुळे चर्च चुकणाऱ्या बेसबॉलपटूंसाठी १९७३ पासून उपासना थेट खेळाडूंच्या खोलीत पोहोचवण्याची व्यवस्था झाली.

तरी रविवारचा पेच सुटला नाही. न्यूझीलंडचा एक रग्बीपटू १९८७ आणि १९९१ च्या विश्वचषकांत रविवारच्या उपांत्य सामन्यांना मुकला. १९९५ मध्ये याच कारणाने त्याला संघाबाहेर राहावं लागलं. पाळकाच्या घरात वाढलेल्या एका इंग्लिश तिहेरी उडीपटूने १९९१ चं जागतिक अजिंक्यपद रविवारसाठी सोडलं, मग १९९३ पासून तो रविवारी उतरू लागला. त्याच्या लेखी देवाने दिलेलं कसब वापरणं हीच आता भक्ती होती. १९९५ मध्ये त्याने १८.२९ मीटरचा विश्वविक्रम केला, २००० मध्ये ऑलिंपिक सुवर्ण घेतलं आणि निवृत्तीनंतर आपली श्रद्धा उरली नसल्याचं उघड सांगितलं. रविवारची तडजोड हीच घसरणीची पहिली पायरी, असं काहीजण म्हणतात. हा निष्कर्ष मला अन्यायकारक वाटतो. मधल्या वर्षांत तो मनापासून श्रद्धावान होता.

एकविसाव्या शतकात वाद पोशाखावर आला. ब्राझीलच्या फुटबॉलपटूंनी शर्टाखालचा येशूचा मजकूर दाखवला; २००९ मध्ये त्या संघाच्या मैदानावरच्या प्रार्थनेवर युरोपातून आक्षेप आला. २०१४ मध्ये आतल्या कपड्यांवरचा कोणताही मजकूर दाखवायला बंदी झाली. अमेरिकन फुटबॉलमध्ये डोळ्यांखालच्या काळ्या पट्टीवर बायबलचे संदर्भ लिहिणंही महाविद्यालयीन नियमांनी थांबवलं. त्या खेळाचे बहुतेक व्यावसायिक सामने रविवारीच होतात, आणि संघांची उपासना आदल्या संध्याकाळी किंवा त्या दिवशी सकाळी, हॉटेलातल्या एखाद्या खोलीत होते.