ट्रेलर गळतोय म्हणून सिलिकॉन मारताय? थांबा जरा

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतला की जो तो सांगतो, छत गळायला लागलं तर सिलिकॉनची ट्यूब आणा, फटीवर मारा, झालं काम. नाही हो, तिथेच घोळ होतो. बऱ्याच ट्रेलरचं छत ईपीडीएम रबराचं असतं, त्याला सिलिकॉन नीट धरतच नाही, त्यात रस्त्यावर ट्रेलर सतत हलतो, पिळवटतो, मग कड नखाने उचलली तरी पापुद्र्यासारखी सुटते आणि पाणी खालून आत जातं, वरून मात्र सगळं चकाचक. त्याहून वाईट म्हणजे जुन्या सिलिकॉनवर दुसरं काही चिकटत नाही, अगदी नवं सिलिकॉनसुद्धा, सगळं खरवडून काढावं लागतं. व्हेंट (हवेसाठीचं झाकण), खिडकीच्या फ्रेमखाली ब्युटाइल टेप, म्हणजे रबरासारखी चिकट पट्टी, लावा, ती मऊच राहते. छतावर स्क्रूच्या डोक्यांवर आपोआप पसरणारं लॅप सीलंट (छताच्या फटी बुजवायचा चिकट लेप) लावा, पण उभ्या बाजूला ते ओघळतं, तिथे न ओघळणारं घ्या. साफ करताना पेट्रोल, थिनर अजिबात नको, रबर फुगतं. आणि दर ६ महिन्यांनी शिडी लावून बघाच, छताच्या कोपऱ्यातलं, रबराखालचं प्लायवूड बोटाने दाबल्यावर मऊ लागलं तर पाणी केव्हाच आत शिरलंय.