मिसोफोनिया

मिसोफोनिया : ठरावीक, बहुधा हळू आणि रोजच्याच आवाजांनी क्षणात तीव्र चीड, किळस किंवा घालमेल उत्पन्न होण्याची अवस्था. जेवतानाची मचमच, चहाचा भुरका, घसा खाकरणे, नाक ओढणे, शेजारच्याचा श्वास, पेनाची टकटक हे नेहमीचे उद्दीपक होत. छाती धडधडते, स्नायू ताठतात, तिथून निघून जावेसे वाटते. आपला संताप प्रमाणाबाहेर आहे हे त्या व्यक्तीला कळत असते. कळूनही तो आवरत नाही. सुरुवात बहुतेकदा बालपणी किंवा कुमारवयात होते आणि पहिला उद्दीपक पुष्कळदा घरातल्याच माणसाचा आवाज असतो.

संज्ञा ग्रीक ‘मिसोस’ (द्वेष) व ‘फोने’ (ध्वनी) यांवरून आली. तिचे जनकत्व पाव्हेल व मार्गारेट यास्त्रेबॉफ या श्रवणसंशोधक दांपत्याकडे जाते. काळ २००१ च्या सुमारास. तथापि अमेरिकेतील ओरेगनच्या श्रवणतज्ज्ञ मार्शा जॉन्सन यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस अशाच तक्रारींना ‘निवडक ध्वनी संवेदनशीलता’ अशा आशयाचे नाव दिले होते. त्यामुळे वर्णनाचे श्रेय जॉन्सन यांना आणि संकल्पनेच्या मांडणीचे यास्त्रेबॉफ यांना देणे अधिक न्याय्य ठरेल. यास्त्रेबॉफ यांचे मूळ काम कर्णनादावरचे, म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात नाद ऐकू येण्यावरचे. अतिश्रवणसंवेदनेत (हायपरॲक्युसिस) त्रास ध्वनीच्या तीव्रतेवर अवलंबून असतो, तर मिसोफोनियात तो ध्वनीचा अर्थ, उगम आणि प्रसंग यांवर अवलंबून असतो, हा त्यांनी केलेला भेद आजही पायाभूत आहे. म्हणूनच परक्याची मचमच सोसवते आणि भावाची सोसवत नाही. मराठीत ‘ध्वनिद्वेष’ असा शब्द सहज करता येतो. पण द्वेषात हेतू येतो, इथे तो नसतो. ‘तिटकारा’ त्या मानाने जवळचा आहे. या नोंदीत मूळ संज्ञाच ठेवली आहे.

स्वरूपाविषयी एकमत नाही. ॲमस्टरडॅमच्या श्रोडर व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ४२ रुग्णांच्या अभ्यासावरून निदानाचे निकष सुचवले आणि हा स्वतंत्र मनोविकार मानावा असे म्हटले. न्यूकॅसलच्या सुखबिंदर कुमार यांच्या गटाला २०१७ मध्ये उद्दीपक ध्वनी ऐकताना मेंदूतील अग्र इन्सुला या भावनांशी निगडित भागाची अतिरिक्त सक्रियता दिसली. २०२१ मध्ये याच गटाने श्रवणकेंद्रे आणि तोंड-चेहऱ्याच्या हालचाली चालवणारा मेंदूचा भाग यांच्यातील वाढीव जोडणी दाखवली. दुसऱ्याचे चघळणे ऐकताना जणू आपलेच तोंड नकळत ओढले जाते, असा त्याचा अर्थ लावला जातो. काही जण तोच आवाज स्वतः काढून हलके होतात, ही जुनी नोंद या मतात नीट बसते. त्यामुळे या मताकडे अधिक लक्ष देणे योग्य वाटते. २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या सहमतीने एक व्याख्या प्रसिद्ध झाली. २०१३ च्या डीएसएम-५ (अमेरिकी मनोविकार निदानपुस्तिका) मध्ये आणि २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेचे रोगवर्गीकरण) मध्ये मात्र ही अवस्था स्वतंत्र विकार म्हणून आलेली नाही. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांतही ती नाही.

गोव्यात आवाजाचा प्रश्न बहुधा किनारपट्टीवरच्या रात्रीच्या संगीतापुरता बोलला जातो. त्यासाठी २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आहेत : निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. मिसोफोनिया या मापात मावत नाही. शीत-हुमण (भात व माशाची आमटी) कालवताना, तिसऱ्यांच्या शिंपल्या किंवा माशाचा काटा चोखताना, पेजेचा भुरका मारताना होणारा आवाज हा चवीचा आणि आपुलकीचा भाग आहे. त्यात कुणाचीच चूक नसते. अडचण येते ती भरल्या ताटावरून उठू नये, पंगत मोडू नये या शिस्तीमुळे. मूल उठले की ते अन्नाचा अपमान करते, नाटके करते असे ठरते आणि ते मुकाट सोसू लागते किंवा एकटे जेवू लागते. जागृतीचे पहिले काम याच ठिकाणी आहे.

घरातला आधार साधा असतो. न विचारता उठण्याची मुभा, जेवताना पंखा किंवा हळू रेडिओ, बसण्याची जागा बदलणे यांचा उपयोग होतो. ‘सवय होईल’ म्हणून मुद्दाम आवाज ऐकवणे टाळावे. कानात दिवसभर बोळे घालण्याने संवेदनशीलता वाढू शकते, म्हणून ते प्रसंगापुरतेच असावेत.

श्रवणचाचणी सहसा निर्दोष येते. तरी ती करून घ्यावी. पुढच्या सल्ल्यासाठी बांबोळीला गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) आणि आयपीएचबी ही मनोविकार संस्था आहे. १९९६ पासून काम करणाऱ्या ‘संगत’ या स्वयंसेवी संस्थेने गावपातळीवरच्या, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांची पद्धत गोव्याच्या आरोग्यकेंद्रांत रुजवून दाखवली. मिसोफोनियासाठी तीच वाट सर्वांत जवळची वाटते, कारण इथे समजावायचे असते ते एका रुग्णाला नव्हे, त्याच्या सगळ्या घराला. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत सुरू झालेला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव हेही या विषयाला योग्य व्यासपीठ आहे.

उपचारांत बोधात्मक वर्तन चिकित्सेचा (विचार व वागणूक बदलण्याची समुपदेशन पद्धत, सीबीटी) अभ्यास अधिक झाला आहे. ॲमस्टरडॅमच्या २०१७ च्या ९० रुग्णांच्या अभ्यासात सुमारे निम्म्यांची लक्षणे लक्षणीय उतरली. खास मिसोफोनियासाठी मान्यताप्राप्त औषध नाही.