कॅमेरा अंगावर, नजर बाहेर

शरीराची हालचाल मोजायची तर आधी माणसालाच प्रयोगशाळेत आणून उभं करायचं, हा शिरस्ता पॅरिसच्या एत्येन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञापासूनचा. 1883 च्या सुमारास त्याने माणसांना काळे कपडे चढवले, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि काळ्या पडद्यासमोर चालवलं. फोटोच्या एकाच काचेवर अनेक छबी घेतल्या. माणूस पुसला गेला, चाल तेवढी उमटली. स्टुडिओतलं मोशन कॅप्चर, म्हणजे हालचाल टिपून संगणकात उतरवणं, त्याच वळणाचं: अंगावर चमकणारे मार्कर, भोवती इन्फ्रारेड कॅमेरे. अचूक खरं, पण रिंगणाबाहेर पाऊल पडलं की खेळ संपला. ठाण्यातल्या कुणाला येऊरच्या डोंगरावर चढतानाची आपली चाल मोजायची असेल तर?

दिशा उलटली ती 2011 मध्ये. डिस्ने रिसर्च आणि कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी 16 किंवा त्याहून जास्त छोटे कॅमेरे माणसाच्या अंगावर बांधले, तेही बाहेर तोंड करून. हे कॅमेरे शरीराकडे बघतच नाहीत. आसपासच्या झाडा-भिंतींवरचे तेच ते ठिपके चित्रागणिक किती सरकले, यावरून प्रत्येक कॅमेरा कुठे आहे आणि कसा कलला आहे ते काढायचं. मनगटावरचा कॅमेरा सापडला की मनगट सापडलं. सांगाड्याचे सांधे ध्यानात घेऊन सगळ्यांचा मेळ घालायचा. कल्पना भन्नाटच. फक्त एका मिनिटाच्या हालचालीच्या गणिताला संगणकाचा दिवस जाई.

खरी मेख वेगळीच. भोवतालचं जग स्थिर आहे, हे इथलं गृहीतक. येऊरच्या खडकांपुढे ते टिकेल. पण दहीहंडीला टेंभी नाक्यावर, खालच्या थरातल्या गोविंदाच्या दंडावर कॅमेरा बांधला तर त्याला दिसणार काय? शेजाऱ्याची घामेजलेली पाठ, आणि तीही हलणारी. म्हणजे जिथे बाहेरच्या कॅमेऱ्याची नजर पोहोचत नाही, नेमका तिथेच अंगावरचाही निरुपयोगी.

अंगाचं वळणं-हलणं थेट मोजणारे सेन्सर बसवलेले सूट त्याआधीच, 2007 च्या सुमारास आले होते. त्यांना ना उजेड लागतो, ना स्थिर जग. पण बारीक चुका साचत जातात आणि पडद्यावरचा माणूस हळूहळू भलतीकडेच सरकतो.

2016 मध्ये हेल्मेटवर पुढे काढलेले दोन फिशआय (खूप रुंद दृश्य टिपणारे) कॅमेरे खाली रोखले गेले, म्हणजे नजर पुन्हा शरीराकडे वळली. सांधे ओळखायचं काम न्यूरल नेटवर्ककडे, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय प्रणालीकडे गेलं. 2019 पर्यंत टोपीवरच्या एकाच कॅमेऱ्यावर भागू लागलं. भोवती गर्दी हलली तरी आता फारसं बिघडत नाही. मात्र डोक्यावरून पाय चिमुकले दिसतात, आणि पोट मध्ये आलं तर दिसतही नाहीत. कमरेखालचा अंदाज कच्चा राहतो तो यामुळेच.