रुमेटॉइड आर्थ्रायटिस

शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्याने होणारा दीर्घकालीन आजार. शंभरात साधारण एकाला किंवा त्याहून कमी जणांना होतो. स्त्रियांमध्ये प्रमाण दुप्पट-तिप्पट. आनुवंशिक कल असलेल्यांत धूम्रपानाने धोका वाढतो. आयुर्वेदातील आमवाताचे वर्णन याच्याशी बरेच जुळते.

सांध्याच्या आतले अस्तर सुजून जाड होते आणि कूर्चा व हाड पोखरू लागते. सुरुवात बहुधा मनगटे, बोटांच्या मुळांचे व मधले सांधे आणि पायांचे चवडे इथून, तीही दोन्ही बाजूंना. नखांजवळचे सांधे सहसा वाचतात. सकाळचा ताठरपणा झिजेच्या दुखण्यात अर्ध्या तासात ओसरतो, इथे तासभर किंवा जास्त टिकतो. ग्वाल्हेरच्या जानेवारीत तर सगळ्यांचीच बोटे आखडतात. म्हणून तिथल्या लष्कर या भागातल्या मराठी घरांत ‘थंडीचा गठिया’ म्हणत मोहरीच्या तेलावर हिवाळा काढला जातो. थंडीत दुखणे जास्त जाणवेल, पण आजार थंडीने होत नाही. कणीक मळताना किंवा ओले लुगडे पिळताना मनगट साथ देईना आणि सूज दीड महिना हटेना, तर होळीची वाट पाहू नये: एकदा झिजलेले हाड औषधाने पूर्ववत होत नाही.

आजार सांध्यांपुरता राहत नाही. रक्तक्षय, सततचा थकवा, कोरडे डोळे, हाडांची ठिसूळता, फुप्फुसांत व्रण; हृदयविकाराचा धोकाही वाढतो. जुन्या रुग्णांत मानेचे वरचे मणके सैल होऊ शकतात, तेव्हा शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला आजार सांगितलाच पाहिजे.

आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या उपयोगी, पण आरए फॅक्टर निरोगी माणसातही सापडतो आणि काही रुग्णांत दोन्ही नकारार्थी येतात. युरिक ॲसिडचा संबंध गाउट या वेगळ्या सांधेदुखीशी. या आजारात डाळी-टोमॅटो सोडून काही साधत नाही.

मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे, सोबत फॉलिक ॲसिड. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि नेमक्या याच काळात लोक बेनाव पुड्यांकडे वळतात. त्यांतल्या काहींत स्टेरॉइड मिसळलेले असते, त्यामुळे आराम झटपट वाटतो; सांध्यांचे नुकसान मागे चालूच राहू शकते. गरोदरपणात मेथोट्रेक्सेट चालत नाही. मूल हवे असल्यास ते काही महिने आधी, डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलावे लागते.