भास थांबले, मग अडतं कुठे?

‘स्किझोफ्रेनियात गोळ्या लागू पडल्या, भास थांबले की माणूस सुखी होतो.’ हा जुना समज अर्धाच खरा आहे. औषधं भास आटोक्यात आणतात. ‘आपण आता कुठल्याच कामाचे नाही’ हे मनात घर करून बसलेलं मत तसंच राहू शकतं. नोकरीचा अर्ज भरून होतो, पाठवला मात्र जात नाही. घरचे त्याला आळस म्हणतात आणि नकळत तेच मत पक्कं करतात! (कधी ती आजारातलीच निरुत्साही अवस्था असते, हेही खरं.) स्वतःला असं कमी लेखून माणूस प्रयत्नच सोडून देतो; अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या ‘प्रयत्न तरी कशाला’ परिणामाची मांडणी केली. आजारावर समाज लावतो तो कलंक स्वतःच खरा मानणं म्हणजे ‘स्व-कलंक’; तो मोजायला २९ विधानांची प्रश्नावलीही आहे. तो जास्त असेल तिथे आयुष्याबद्दलचं समाधान कमी, असं अभ्यासांत वारंवार दिसतं.