सर्टिफिकेशनचं नूतनीकरण: अभ्यास झालेला असूनही अर्ज अडतो तो इथे

चिपळूण, रत्नागिरी, कुडाळमध्ये घरून काम करणाऱ्या डेव्हलपरांचं सर्टिफिकेशन (कंपनीची परीक्षा देऊन मिळवलेलं कौशल्याचं प्रमाणपत्र) रद्द होतं, तेव्हा बरेचदा अभ्यास झालेला असतो. घोळ असतो तारखेत नाहीतर नावात. म्हणून आधी तेच बघू.

मायक्रोसॉफ्टची असोसिएट, एक्स्पर्ट आणि स्पेशालिटी सर्टिफिकेशनं एक वर्षच टिकतात. फंडामेंटल्स, म्हणजे सुरुवातीच्या पातळीची, कधीच संपत नाहीत. नूतनीकरणाची चाचणी मोफत, ऑनलाइन, निरीक्षकाशिवाय होते आणि मुदत संपायच्या सहा महिने आधी खुली होते. हे ‘सहा महिने’ मुदतीनंतरची सवलत समजणारे दर हंगामात भेटतात. मुदतीनंतर एक दिवसही मिळत नाही. पैसे भरून मूळ परीक्षा पुन्हा द्यावी लागते. लवकर दिल्याने काही बुडत नाही, कारण नवं वर्ष जुन्या मुदतीच्या तारखेपासूनच मोजलं जातं. पहिल्यांदा नापास झालात तर लगेच पुन्हा देता येते, त्यापुढच्या प्रत्येक वेळी मात्र चोवीस तास थांबावं लागतं. शेवटच्या रात्री बसणाऱ्याच्या हातात म्हणून दोनच संधी उरतात. गणपतीच्या आसपास मुदत असेल तर मे महिन्यातच उरकून टाका, कृपा करून.

कधी कधी सर्टिफिकेशनच बंद होतं. अझूर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेची, डेटा इंजिनिअरसाठीची डीपी-२०३ ही परीक्षा ३१ मार्च २०२५ ला बंद झाली आणि नूतनीकरणही तिथेच थांबलं. आपलं सर्टिफिकेशन निवृत्तीच्या यादीत आहे का, हे अभ्यासाला बसण्याआधी पाहा.

एडब्ल्यूएस, म्हणजे ॲमेझॉनची क्लाउड सेवा, हिच्या सर्टिफिकेशनची मुदत तीन वर्षं. तिथे बहुतेकांसाठी छोटी चाचणी नाही, त्या वेळची चालू परीक्षा पास व्हावी लागते. डेव्हलपर असोसिएटवाल्याने डेव्हऑप्स प्रोफेशनल पास केली तर असोसिएटचंही नूतनीकरण होतं. मागच्या परीक्षेत पास झाल्यावर मिळालेलं निम्म्या फीचं कूपन खात्यातल्या लाभांच्या पानावर पडून असतं, ते न वापरता पूर्ण फी भरू नका. डेव्हलपर असोसिएटची परीक्षा २८ फेब्रुवारी २०२३ पासून डीव्हीए-सी०२ या नव्या आवृत्तीची आहे. मित्राकडून आलेल्या जुन्या सी०१ च्या नोट्सवर विसंबू नका. नापास झाल्यास चौदा दिवस पुन्हा बसता येत नाही, तेव्हा मुदतीच्या किमान महिनाभर आधीची तारीख घ्या.

कुबरनेटीस या सर्व्हरवर ॲप चालवण्याच्या प्रणालीच्या सीकेए (ॲडमिनिस्ट्रेटर) आणि सीकेएडी (डेव्हलपर) या सर्टिफिकेशनांची मुदत १ एप्रिल २०२४ पासून ३६ ऐवजी २४ महिने झाली. ऑफिसातल्या सीनिअरच्या सर्टिफिकेटवर तीन वर्षं दिसतात म्हणून आपलीही तेवढीच, असं धरून चालू नका.

आता नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं. तेच बघून फॉर्म भरला की पहिल्या नावाच्या रकान्यात ‘सावंत’ जातं. त्यातही आधारवर सावंतमधला ‘व’ डब्ल्यूने आणि पासपोर्टवर व्हीने! निरीक्षक समोरचं कार्ड आणि नोंदणीतलं नाव ताडून पाहतो. जुळलं नाही तर परीक्षा सुरूच होत नाही आणि फी बहुधा परत मिळत नाही. जे कार्ड दाखवणार, त्याच्यावरचं नाव अक्षर न अक्षर प्रोफाइलमध्ये हवं. पासपोर्ट असेल तर तोच वापरा. झेरॉक्स किंवा मोबाइलवरचं डिजिलॉकर दाखवून भागत नाही, मूळ कार्ड हातात लागतं.

लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचे हाल सगळ्यात जास्त होतात. खातं माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या. वैतागून नवं खातं उघडू नका. जुनं सर्टिफिकेट जुन्याच खात्यावर राहतं आणि नव्या खात्याला नूतनीकरणाचा पर्यायच दिसत नाही. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडून मदतकेंद्राकडून नाव बदलून घ्या. याला दिवस लागतात, म्हणून हे बुकिंगच्या आधी करायचं. सर्टिफिकेशन कंपनीच्या ईमेलवर असेल तर नोकरी सोडण्याआधी खात्याला स्वतःचा ईमेल जोडा.

फी परदेशी चलनात असेल आणि पेमेंट अडकलं, तर बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का बघा. मार्च २०२० पासून नव्या कार्डांवर ते मुळात बंदच असतात.

घरून परीक्षा देणार असाल तर जून-जुलै टाळा. ते जमत नसेल तर महावितरणच्या देखभालीचा वार सोडून तारीख घ्या. इन्व्हर्टरवर लॅपटॉप असतो, पण भिंतीवरचा फायबरचा डबा आणि राउटर विसरला जातो. दोन्ही त्यावर घ्या. वेळेच्या अर्धा तास आधी लॉगिन करा, टेबल रिकामं ठेवा आणि घरच्यांना सांगून दार लावून घ्या, कोणी आत आलं तर परीक्षा रद्द होऊ शकते. लाइन तुटलीच तर परत जोडून बघा. नाहीच जमलं तर त्याच दिवशी तक्रार नोंदवा. तीत नेमकी वेळ लिहा आणि महावितरणचा वीज गेल्याचा एसएमएस आला असेल तर तोही जोडा.